मिर्नाच्या घराला मी जामीन

...नाही, पण मी म्हणतो, शिंकायची काय गरज होती? रविवारची दुपार, टेबलावर मक्याच्या पिठाचा गरम गरम पोलेंटा, सोबत खरपूस तळलेल्या सार्डिनी, सगळं घर जेवायला बसलंय, आणि माझी धाकटी बहीण मिर्ना शिंकते. एकदा नाही हो, तीनदा! बाकीच्यांनी काय केलं? 'जप गं बाई' म्हणाले आणि पुढचा मासा उचलला. माझा घास मात्र हातातच. कारण तुम्हाला सांगतो, त्या शिंकणाऱ्या बाईच्या डोक्यावर घराचं कर्ज, फिटायला अजून चोवीस वर्षं, पदरात सहा वर्षांची पोर, नवरा गेलेला... गेलेला म्हणजे तसा नाही हो, आयर्लंडला गेलेला... आणि जामीन कोण? मी!

आता तुम्ही म्हणाल, बेर्तोभाऊ, मग सही कशाला केलीत? अहो, मी काय हौसेनं केली? हा तिचा नवरा, दारियो. चांगला मुलगा होता, दिसायला तर राजबिंडा, लग्नात आमची आई म्हणाली होती, 'एवढा देखणा जावई कशाला, घरात ठेवायचा कुठं?' म्हातारीला तेव्हाच कळलं होतं. तर घर घेतलं, कोझालाच्या चढावर, चौथा मजला, लिफ्ट अधूनमधून, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि बाल्कनीतून मान वाकडी केली तर समुद्र. घर घेऊन वर्ष होतंय तोवर दारियो म्हणाला, 'आयर्लंडला गोदामात काम आहे, तीन महिने जातो, चार पैसे जमवतो, येतो.' तिनाचे सहा झाले. मग फोन आला. 'मिर्ना, मला इथली हवा मानवली गं.' हवा! आयर्लंडची! जिथं सूर्य सणासुदीला दिसतो, तिथली हवा आमच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला मानवली! हवेचं नाव आम्हाला नंतर कळलं. ग्रोन्या. केस तांबडे.

असो. घटस्फोट झाला. दारियो मोठ्या मनानं म्हणाला, 'घर तूच ठेव.' वा! घर ठेव, म्हणजे कर्जही ठेव! आणि बँक म्हणाली, एकट्या बाईच्या पगारावर आम्ही कसा भरवसा ठेवणार? जामीन आणा.

मग ती माझ्याकडे आली. दारातच उभी. बस म्हटलं तरी बसेना. हातात कागद, बाजूला लोरेना, म्हणजे तिची पोर, तिच्या एका पायात एका रंगाचा मोजा, दुसऱ्यात दुसरा. मिर्ना म्हणाली, "दादा, एक सही हवी होती." बस्स. एवढंच. रडली असती तर मी निदान चार शब्द बोललो असतो, विचार करतो म्हणालो असतो. पण ती आपली सरळ उभी, बसस्टॉपवर उभी असल्यासारखी, आणि मी बसचा ड्रायव्हर, तेव्हाच सव्वीस वर्षं या गावाच्या चढउतारावर बस चालवत होतो, हात करून उभ्या असलेल्या माणसाला सोडून जायची मला सवयच नाही. केली सही.

ती गेल्यावर माझी बायको ऑर्नेला म्हणाली, "वाचलंस का?"

म्हटलं, "बहिणीच्या कागदात वाचायचं काय?"

तर तिनं चष्मा लावला आणि वाचलं. मोठ्यांदा. 'कर्जदार हप्ता भरू न शकल्यास... कर्जदाराचं काही बरंवाईट झाल्यास... कर्जदार कामास असमर्थ ठरल्यास...' तुम्हाला सांगतो, आयुष्यात मी कधी एवढं लक्ष देऊन काही ऐकलं नव्हतं. आणि त्या दिवसापासून माझी बहीण माझी बहीण राहिली नाही. ती काचेची बरणी झाली!

म्हणजे बघा, तिला खोकला आला की मी मध घेऊन चौथ्या मजल्यावर हजर. लिफ्ट बंद. ती सायकल घेणार म्हणाली, मी तीन दिवस जेवलो नाही, सायकल रद्द. तिच्या जुन्या गाडीचे ब्रेक मी दर महिन्याला तपासायचो, टायर तपासायचो, शेजारचा म्हणाला, 'बेर्तो, विकायचीय का?' आणि हिवाळ्यात तो आमचा उत्तरेचा वारा सुटतो ना, बुरा, नावच असं, कौलं उडतात, कचऱ्याचे डबे आपल्या पायानं निघाल्यासारखे उतारावरून पळतात... त्या वाऱ्यात ही पन्नास किलोची बाई कामाला निघणार! मी ड्यूटी बदलून घेऊन तिच्या कामाच्या वेळेला तिच्या रस्त्यावरची बस मागून घेतली. एकदा तिला स्टॉपवर वाऱ्यात हलताना बघितलं आणि मधल्या स्टॉपवर न थांबताच थेट तिच्यापाशी बस लावली. प्रवासी ओरडले. मी म्हटलं, "ओरडू नका, ती उडाली तर चोवीस वर्षं तुम्ही भरणार आहात काय?"

लोक म्हणायचे, बहिणीवर काय जीव आहे बेर्तोचा! अहो, जीव कसला? व्यवहार आहे! जामीन कोण? मी!

आता ती काम काय करायची, तर दात. खोटे दात. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची, आणि आमच्या गावाला पैलतीरावरून इटालियन लोक दात बसवायला येतात, त्यांच्याकडे दात महाग, आमच्याकडे स्वस्त, सकाळी यायचं, दातांचं माप द्यायचं, मासे खायचे, परत. मग गावातले दोन दातांचे डॉक्टर हिला जादा काम द्यायचे, ते ती घरी करायची. म्हणजे संध्याकाळी तुम्ही चहा प्यायला म्हणून गेलात तर टेबलावर बशा कमी आणि जबडे जास्त! खिडकीत जबडे, रेडिओवर जबडे. साखर कुठंय म्हणून डबा उघडला तर सुळे! आणि त्या सगळ्या दातांच्या गराड्यात ही बसलेली, डोक्याला दिवा बांधून, नखाएवढा दात धरून कानस मारतेय, आणि समोर लोरेना गृहपाठ करतेय. कार्टीनं सगळ्या जबड्यांना नावं ठेवली होती. दोन हातांत दोन जबडे घ्यायची आणि नाटक. "सिन्योरा, तुमचे दात किती सुंदर!" "अहो सिन्योर, माझे कसले, मिर्नाचे आहेत!" टक टक टक टक! हसून हसून माझी मुरकुंडी वळायची. मिर्ना खाली मान घालूनच म्हणायची, "लोरे, सिन्योर पाओलोला खाली ठेव, त्याला सोमवारी माणसाच्या तोंडात जायचंय."

आणि हे जादा पैसे जायचे कुठं? तुम्हाला वाटेल कपडे, सहल, नवा सोफा. छे! सोफ्याची एक स्प्रिंग अशी वर आलेली की पाहुणा आपोआप ताठ बसायचा. सगळे पैसे बँकेत. हप्ता भरायची तो भरायचीच, वर दर तीन महिन्यांनी जाऊन आणखी एक रक्कम मुद्दलात टाकायची. काउंटरवरची बाई पहिल्यांदा म्हणाली, "मग आता मासिक हप्ता कमी करून देऊ का?" कुणीही शहाणा माणूस हो म्हणाला असता. ही म्हणाली, "हप्ता राहू दे. वर्षं कमी करा." वर्षं कमी करा! जसं काही शिंप्याकडे पँट टाकलीय!

मी तिला हजारदा सांगितलं. "मिर्ना, चोवीस वर्षं दिलीत ना, घे की चोवीस वर्षं. घाई कशाला? जरा बाहेर जा, केस कापून घे कुणाकडून तरी." केस लोरेना कापायची. आठ वर्षांच्या पोरीनं कापलेले केस! एका बाजूला कान दिसायचा, दुसऱ्या बाजूला कान आहे असं धरून चालायचं. ती नुसती हसायची. म्हणायची, "दादा, पोलेंटा घे अजून."

लोरेनाचं तर वेगळंच. तिला कर्ज म्हणजे काय हे मिर्नानं समजावून सांगितलं होतं, की बाई, हे घर अर्धं बँकेचं आहे, आपण ते थोडं थोडं सोडवतोय. तर पोरीनं चित्रकलेच्या कागदावर घराचा नकाशा काढला. प्रत्येक खोली. आणि जेवढी रक्कम फिटेल तेवढा भाग रंगवायचा. सुरुवात कुठून करायची यावर मायलेकींची दोन दिवस चर्चा. मी एके दिवशी ड्यूटीवर, भरलेली बस, चढ, क्लच जळतोय, आणि फोन. बाजूला घेतली बस. म्हटलं झालं! मिर्नाला काहीतरी झालं! उचलला. पलीकडून किंकाळी, "मामा! मामा! संडास आमचा झाला!"

तुम्हाला सांगतो, बस भरलेली, फोनचा आवाज मोठा, सगळ्यांनी ऐकलं. एक म्हातारी म्हणाली, "अभिनंदन."

मग काय, त्या घरात जाणंच अवघड झालं. मी बसलो की कार्टी यायची. "मामा, तू बँकेच्या जमिनीवर बसलायस. इकडे सरक, हे आमचं." सरकलो. "आता तुझा एक पाय बँकेत आहे." पाय उचलला. स्वयंपाकघर चार वर्षांनी सुटलं, त्या दिवशी मिर्नानं अक्रोडाची पोळी भाजली आणि आम्ही सगळ्यांनी उभ्यानं खाल्ली, फक्त स्वयंपाकघरात, दाटीवाटीनं, माझ्या बरगडीत ऑर्नेलाचं कोपर. मग पोरीची खोली सुटली. मग बाल्कनी. आणि मिर्नाची स्वतःची खोली? ती शेवटी. मी विचारलं, "का गं, तुझी का नाही आधी?" तर म्हणाली, "मी काय, नुसती झोपतेच तिथं. झोपेत कुणाला कळतंय कुणाचं घर?"

आता मी काय करायचो, तर प्रत्येक जेवणात, नाताळ असो, ईस्टर असो, कुणाचं लग्न असो, पेला वर करायचो आणि म्हणायचो, "खा लोकहो, पण माझ्या बहिणीला काटा लागू देऊ नका... जामीन कोण? मी!" लोक पोट धरून हसायचे. हमखास हशा! हात धरून सांगायचे, बेर्तो, ते शिंकेचं सांग ना, ते वाऱ्याचं सांग ना. मिर्नाही दात काढायची सगळ्यांबरोबर. मला वाटायचं, तिला गंमत वाटते. वाटायचं, हो. गाढव असलं की माणसाला पुष्कळ गोष्टी वाटतात.

मग तो फेब्रुवारी आला, दोन वर्षांपूर्वीचा. आमचं जुनं चलन, कुना, नुकतंच गेलं होतं आणि युरो आला होता, सगळं गाव दुकानात चिठ्ठ्या धरून भागाकार करत होतं. आणि बुरा सुटलेला, वर रात्रीच्या पावसाचं पायऱ्यांवर बर्फ झालेलं. मिर्ना कोझालाच्या पायऱ्या उतरत होती, कामाला निघालेली, आणि त्या दिवशी माझी नेमकी सुट्टी. पडली. सहा पायऱ्या. उजवं मनगट. दोन ठिकाणी.

उजवं! म्हणजे दाताचं! डाव्या हातानं ती पाव कापेल, पण इटालियन माणसाचा पुढचा दात कोण घासणार? डॉक्टर म्हणाले, प्लास्टर, मग व्यायाम, चार महिने तरी कानस हातात धरायची नाही. मी हॉस्पिटलात तिच्या शेजारी बसलो होतो, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला कागद आठवला नाही, कलम आठवलं नाही. ती पाच वर्षांची असताना अंजिराच्या झाडावरून पडली होती, तेव्हाही अशीच ओठ दाबून बसली होती. मला तेवढंच आठवत होतं.

पण घरी आलो आणि ऑर्नेलानं मूळ प्रश्न काढला. "जादा कामाचे पैसे बंद. आजारी रजेचा पगार अर्धामुर्धा. हप्ता कसा भरेल ती?" मग ही बाई उठली, कपाटातल्या चादरींच्या खालून एक पाकीट काढलं आणि माझ्या पुढ्यात टाकलं. बाराशे युरो. धुलाई मशीनसाठी साठवलेले. आमचं जुनं मशीन फिरायला लागलं की न्हाणीघरातून चालत बाहेर यायचं, तुम्हाला सांगतो, दार अडवायला एक माणूस लागायचा. आणि हीच बाई, जिनं तो कागद मला मोठ्यांदा वाचून दाखवला होता, म्हणते, "जा. हप्ता भरून ये. तिला सांगू नकोस. मशीन काय, मी धरून बसेन."

गेलो बँकेत. काउंटरवर तीच बाई. म्हटलं, "मिर्ना, कोझालाची, तिचा हप्ता भरायचाय. मी जामीन." हे मात्र मी हळू आवाजात म्हटलं. बाईनं बघितलं, टकटक केलं. म्हणाली, "भरलाय."

"कोणी?"

"त्यांनीच. अत्ताच. त्या काय, तिथं बसल्यात."

वळून बघतो तर काय! खुर्चीवर मिर्ना. हात गळ्यात, प्लास्टरवर लोरेनानं रंगीत दात काढलेले, आणि डाव्या हातानं पावतीची घडी करायचा प्रयत्न चाललाय, घडी काही होत नाहीये. पुढचा जादा भरणा करायला जमवलेले पैसे होते ना, ते मोडून हप्ता भरला होता. मला बघितलं. माझ्या हातातलं पाकीट बघितलं.

"दादा, तू इथं काय करतोयस?"

आता काय सांगायचं? तोंडातून निघालं, "मी... ऊब घ्यायला आलो. बाहेर वारा आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. आणि त्या बँकेत, रांगेत सात-आठ माणसं उभी, काउंटरवरची बाई कान टवकारून... माझी बहीण, जी आजपर्यंत कधी मोठ्यांदा बोलली नाही, ती बोलली. "नऊ वर्षं, दादा! नऊ वर्षं प्रत्येक जेवणात ऐकतेय मी. जामीन कोण, मी. जामीन कोण, मी! तुला काय वाटतं, मी ही धावपळ व्याज वाचवायला करतेय? घर लवकर माझं व्हावं म्हणून करतेय? मला काय, मी राहतेच आहे तिथं! मला तुझं नाव त्या कागदावरून काढायचंय! तू निवृत्त होशील त्या दिवशी तुझ्या डोक्यावर माझं ओझं नको मला. एवढ्यासाठी चाललंय सगळं. आणि तू पाकीट घेऊन येतोस!"

तुम्हाला सांगतो... सांगू काय, काही सांगण्यासारखं नव्हतंच. मी माणसांना हसवत होतो आणि ही बाई त्या हशावर व्याज भरत होती. जेवढा मोठा हशा, तेवढे जास्त दात. मला वाटत होतं मी तिला सांभाळतोय, आणि ती आपली मला सोडवायला दिवस-दिवस कानस मारतेय.

मी म्हटलं, "मिर्ना, अगं ती गंमत होती."

"माहितेय," ती म्हणाली. "म्हणून तर हसत होते."

मग मी तिच्या शेजारी बसलो. पावतीची घडी करून दिली. रांगेतला एक माणूस नाक शिंकरायला लागला, बँकेतला माणूस, काही संबंध नाही! थोड्या वेळानं म्हटलं, "एक खरं सांगू? तू शिंकलीस की मला कधीच कर्ज आठवलं नाही. पण 'माझ्या बहिणीची मला काळजी वाटते' असं जेवणात उठून सांगितलं तर कोण हसेल?" तिनं डोकं तेवढं माझ्या खांद्यावर टेकवलं, ते केस तसेच, एका बाजूनं छाटलेले, माझ्या नाकात जाणारे. मी शिंकलो. ती म्हणाली, "बघ, आता मला काळजी."

पाकीट तिनं घेतलं नाही. आम्ही परत येताना दुकानात गेलो आणि मशीन घेऊन आलो, मिर्नाला कळू दिलं म्हणून ऑर्नेला दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती, आणि मशीनशी मात्र बोलत होती.

त्या उन्हाळ्यात लोरेना, पंधरा वर्षांची, ओपातियाच्या किनाऱ्यावर आइस्क्रीमच्या टपरीवर उभी राहिली. आईला सांगितलं, पोहायला जाते. रोज पोहायला जायची आणि कोरडी परत यायची, वर हाताला व्हॅनिलाचा वास! मिर्नाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सप्टेंबरात पोरीनं टेबलावर पैसे ठेवले, "बाहेरच्या खोलीचा कोपरा सोडव." मिर्नानं नोटा मोजल्या, त्यातल्या निम्म्या बाजूला काढल्या आणि म्हणाली, "एवढ्याचा कोपरा. उरलेल्यांचे तू बूट घे. बँक थांबेल, पाय वाढायचे थांबत नाहीत." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं, बँक थांबेल.

मनगट बरं झालं. जरा वाकडंच बसलं, पण कानस धरता यायला लागली. आणि मी? मी ते वाक्य बंद केलं. कुलूप तोंडाला! ईस्टरला लोक म्हणाले, 'बेर्तो, ते सांग ना, जामीन कोण?' मी म्हटलं, 'कुणास ठाऊक, अंडी घ्या.' तुम्हाला सांगतो, हमखास हशाचं वाक्य गिळायला काय त्रास होतो! ओठापर्यंत यायचं, परत जायचं. दोनदा ठसका लागला. ऑर्नेला टेबलाखालून पाय द्यायची. पण एकदा मिर्ना शिंकली, तेव्हा मी उठलो आणि नुसता रुमाल दिला. न बोलता. ती म्हणाली, "दादा, म्हण की एकदा, चालेल." मी नाही म्हटलं.

आणि मग या वर्षीचा जून. फोन आला. मिर्ना. "दादा, उद्या सुट्टी काढ. संपवायचंय."

चोवीस वर्षांचं कर्ज, अकरा वर्षांत! बँकेत गेलो तिघं, लोरेना, मिर्ना, मी. या खेपेला काउंटर नाही, आत केबिन, आत एक तरुण साहेब, टाय, दात एकदम पांढरे. मिर्नानं पहिलं काय केलं, तर त्याचे दात बघितले आणि हळूच मला म्हणाली, "वरचे दोन आमच्याकडचे." साहेब म्हणाला, "मॅडम, एवढी घाई कशाला करता? उरलेली रक्कम चालू ठेवा, आणि या पैशात एखादी छान गाडी घ्या! तुमची परतफेड इतकी उत्तम आहे की आम्ही तुम्हाला आणखी कर्ज द्यायला एका पायावर तयार आहोत!" बघा! अकरा वर्षांपूर्वी हिला एकटीला उभं करत नव्हते, आता एका पायावर! मिर्ना म्हणाली, "दोन्ही पायांवर उभे राहा आणि आकडा सांगा."

आकडा सांगितला. तिनं आदल्या दिवशी सेंटपर्यंत काढून ठेवलेला. पण साहेब म्हणाला, त्यात आजच्या दिवसाचं व्याज धरलेलं नाही, आणि कर्ज फिटल्याच्या दाखल्याचं शुल्क वेगळं. सगळं मिळून एकतीस युरो चाळीस सेंट वर. माझा हात खिशात गेला. मिर्ना माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात बाहेर काढ." काढला. तिनं पर्स पालथी केली. एक वीसची नोट, एक पाचची, बाकी नाणी, पर्सच्या अस्तरातून दोन, लोरेनाच्या दप्तराच्या तळातून काही, साहेब बिचारा मोजतोय, एक सेंट, दोन सेंट... झाले. बरोब्बर. वर एक कुनाचं नाणं निघालं, ते साहेबानं परत दिलं.

शिक्का मारला. मग साहेबानं दुसरा कागद माझ्यापुढं सरकवला. "जामीनदार, इथं सही करा. आपण मुक्त झालात." मी पेन घेतलं आणि... आता हसू नका... मला सही आठवेना. सव्वीस अधिक अकरा वर्षं पगाराच्या चिठ्ठीवर करतोय तीच सही! मिर्नानं माझं कोपर धरलं, बाईचं ते वाकडं मनगट, आणि म्हणाली, "दादा, बेर्तोपासून सुरुवात होते." झाली सही. बोजा उतरला. तिच्या घरावरचाही आणि माझ्यावरचाही. लोरेना खिडकीबाहेर बघत डोळे पुसतेय, आणि मी, मोकळा माणूस, मला काय वाटायला हवं होतं? आनंद ना? मला आपलं वाटलं, आता हिच्या गाडीचे ब्रेक कोणत्या नात्यानं तपासायचे?

बाहेर आलो. ऊन पडलेलं. मिर्ना पायरीवर थांबली, लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "चला! आज मी जेवायला घालते. वोलोस्कोला. धक्क्यावर. आज कुणी किंमत बघायची नाही!"

तुम्हाला सांगतो, ती बाई अशी जेवली, अशी जेवली! कोलंबी मागवली, ती मोठी, आमच्या खाडीतली, हात बुडवून खायची. मग माशाचं सूप. मग पुन्हा कोलंबी. पांढरी वाइन. ऑर्नेलाला फोन करून बोलावलं, ती येताना शेजारणीला घेऊन आली. लोरेना म्हणाली, आई, गोड? मिर्ना म्हणाली, दोन दोन! ओठाला रस लागलेला, गाल लाल, आणि समुद्राकडे बघून आपली एकटीच हसतेय, आणि मला एकदम दिसली ती अंजिराच्या झाडावरची, पडायच्या आधीची. मी आणखी पाव मागवला.

मग वेटरनं बिल आणलं. मिर्नानं ऐटीत पर्स उघडली. आत बघितलं. पर्स बंद केली. परत उघडली. परत बघितलं. आत एक कुना. मग अगदी हळू आवाजात, तशीच सरळ बसून, म्हणाली, "...दादा?"

अकरा वर्षं जामीन होतो हो मी! अकरा वर्षांत बँकेनं माझ्याकडे एक सेंट मागितला नाही. सकाळी साडेदहाला सुटलो, आणि दुपारी अडीचला एकशे एकोणसाठ युरो साठ सेंट भरून मोकळा झालो.

वेटरची बक्षिसी वेगळी.